सतराव्या झाडाचा मावा

गांधीलमाशी दिसली की आधी चप्पल हाणायची, विचार मागून करायचा, असा सुचिताचा खाक्या होता. त्यामुळे सौसरजवळच्या आपल्या संत्र्याच्या बागेत, एका अनोळखी पोराच्या कॉलरवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी दिसताच तिनं चप्पल हाणली. माशी उडाली. पोरगा मात्र कान धरून खाली बसला.

“अवो, थे गांधील नोहे! सिरफिड माशी आहे. डंखच नाई तिले!”

“पट्टे तं आहेत ना!”

“थे नुसते भेव दाखवाले. गांधीलले चार पंख, हिले दोनच. घरातल्या माशीच्या नात्यातली आहे.”

“मंग सोयरीक पाहाले आले का तिची?”

तो हसला… आणि सुचिताला हातातल्या चपलेची एकदम लाज वाटली.

कुलदीप लोधीखेड्याचा, शेतकी कॉलेजात शिकणारा. तीस झाडांना नंबर बांधून तो या माश्या मोजणार होता; त्या असल्या की पानांचा रस शोषणारी मावा कीड हटते, असं त्याचं म्हणणं होतं. सुचिताच्या बाबांनी, नत्थूजींनी, त्याला आठच दिवस दिले होते. तेवढ्यात कोवळ्या पानांवरचा मावा गेला नाही, तर फवारणी. मग माश्याही संपल्या आणि कुलदीपही चालता झाला! पहिल्या दिवशी सुचिताला ही अट रास्त वाटली. तिसऱ्या दिवशी ती बाबांवर चिडली.

“कुठं-कुठं असते ही माशी?” चहा देताना तिनं विचारलं.

“लय मुलखांत. आपल्या इकडं थंडीत दिसते, ऊन तापलं का गायब.”

“म्हनजे तुमीबी उन्हाळ्यात दिसनार नाई?”

चहा त्याच्या शर्टावर सांडला. मग तो घाईघाईनं म्हणाला, “नर… एकाच जागी हवेत थांबून राहते. हुसकला तरी तिथंच परत येते.”

“काहून?”

“मादी येईन म्हनून,” तो वहीत बघत म्हणाला.

सहाव्या दिवशी तो डोकं खाजवत होता. “सतराव्या झाडावर एकबी अळी कशी नाई?”

“तुमाले मदत म्हनून मी रोज पहाटे वेचून राहिली ना! एवढ्या एका झाडालेच सकाळ जाते,” सुचिता अभिमानानं म्हणाली. “हिरव्या, गिळगिळीत… साऱ्या चिरडल्या.”

“सुचिता, त्याच तं सिरफिडच्या अळ्या! मावा खातेत त्या!”

तिला रडूच आलं. त्याला घालवायला बाबांची फवारणी कशाला हवी होती? ती एकटीच पुरेशी होती.

आठव्या दिवशी नत्थूजी पाठीवर पंप बांधूनच आले. एकेक झाड बघत गेले. पालवी स्वच्छ! सतराव्यावर मात्र मावा खच्चून भरलेला.

“याच झाडावर काहून?”

सुचितानं खाली मान घालून सगळं कबूल केलं. नत्थूजी बराच वेळ पानं उलटीपालटी करत राहिले.

“म्हनजे अळ्या होत्या तिथं मावा गेला, अन् माह्या पोरीनं हात लावला तिथं राहिला.” त्यांनी पंप उतरवला. “राहू द्या मंग फवारनी.” आणि पुटपुटत घराकडे निघाले.

“तुह्यामुळंच सिद्ध झालं,” कुलदीप म्हणाला.

“हो, पन आठ दिवस झाले. आता निघून जासान तुमी…”

“हुसकलं तं जाईन. पन परत इथंच येईन.”

“काहून?” उत्तर तिला पाठ होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

“तू येशीन म्हनून. मले तू आवडते, सुचिता.” एवढं बोलून त्यानं खबरदारी म्हणून कानावर हात ठेवला.

“काढा थो हात,” सुचिता म्हणाली. “नाईतं माहा ‘हो’ कसा ऐकू येईन?”