थांब म्हटल्यावर थांबणारा वारा

बैठकीच्या खोलीत जमिनीवर तेहतीस वस्तू मांडल्या होत्या. एक तंबू, आठ खुंट्या, चार दोऱ्या, गळाच्या दोन काठ्या, गळांची एक डबी, शिशाची पाच वजनं, एक पातेलं, चार पेले, एक कंदील, पाण्याचे दोन कॅन आणि चार पांघरुणं. चिंगीच्या मोठ्या बहिणीने दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेहतीसच.

“चौतीस!” गुंडाळलेल्या तंबूवर ऐसपैस बसलेली चिंगी म्हणाली. “मला धरलंच नाहीस!”

“तू वस्तू आहेस का?”

“बाबा म्हणतात ना, काय चीज आहे ही पोरगी!”

चिंगी दहा वर्षांची. तिची मोठी बहीण तेरा वर्षांची, आणि तिच्या खिशात कायम मोजफीत असायची, म्हणून घरात तिला मोजपट्टीच म्हणत. तिसरा होता त्यांचा मावसभाऊ. तो कुजबुजला तरी चौथ्या घरात ऐकू जायचं. त्याचं नाव भोंगा पडलं यात कुणाचाच दोष नव्हता.

“मामा!” भोंगा ओरडला. “उद्या नक्की ना?”

“वाऱ्याला विचार,” मामा आतल्या खोलीतून म्हणाला.

मामा जहाजावर इंजिनाची कामं करायचा. दोन वर्षं तो मुलांना सांगत आला होता, की पुढच्या सुट्टीत आपण टोकावर जाऊ, झुडपी रानात तंबू ठोकू आणि खडकावर बसून मासे धरू. टोक म्हणजे समुद्रात घुसलेली लांबलचक टेकडी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती निळ्या रेघेसारखी दिसायची. भांडी विसळताना मोजपट्टीची नजर तिकडेच असायची. तिकडे पाणी कोणत्या रंगाचं असेल? रात्री झुडपांचा आवाज कसा येत असेल? आईने दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू यायचं नाही.

आणि आता मामाला नव्या जहाजावर बोलावणं आलं होतं. सोमवारी सकाळी निघायचं.

“परत कधी येशील?” चिंगीने विचारलं होतं.

“जहाज सांगेल तेव्हा,” मामा म्हणाला होता, आणि मग उगाचच गळाची डबी उघडून गळ पुसत बसला होता.

आतल्या खोलीत त्याच्या जहाजाची पेटी रोज थोडी थोडी भरत चालली होती. बैठकीतल्या वस्तू मात्र होत्या तिथेच होत्या.

अडचण वाऱ्याची होती. टोकावरचं रान कोरडं होतं. जोराच्या वाऱ्यात एखादी ठिणगी उडाली तर सगळं पेटलं असतं. म्हणून सकाळी नऊ वाजता बंदराच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर वाऱ्याचा आकडा लिहिला जायचा, आणि तो ताशी तीस किलोमीटरच्या आत असेल तरच वनरक्षक परवाना द्यायचा. लहान होड्याही त्याच आकड्यावर सुटायच्या. बुधवारी आकडा आला अडतीस. गुरुवारी एकेचाळीस.

शुक्रवारी सकाळी तिघंही मामाबरोबर बंदरावर गेली. कारकुनाने बाहेर येऊन फळा पुसला आणि खडूने लिहिलं: ३९.

“झालं!” मामाने डोक्यावरची टोपी काढली. “चला घरी.”

“आज पण नाही?” भोंग्याचा आवाज ऐकून धक्क्यावरचे दोन बगळे उडाले.

खाली होड्यांच्या रांगेत एक म्हातारा कोळी दोरी गुंडाळत बसला होता. “पाच दिवस झाले, बाबा,” तो म्हणाला. “पाणी बघ, कसं ताटासारखं आहे. पण फळा म्हणतो वादळ!”

मोजपट्टी थबकली. तिने पाणी पाहिलं. मग तिने मान वर केली. कचेरीच्या गच्चीवर काठीला लाल कापड लावलं होतं. वारा फार असला की ते चढवायचे, म्हणजे होडीवाल्यांना लांबून कळायचं. ते कापड मान टाकून लोंबत होतं.

“काका,” तिने कारकुनाला विचारलं, “एकोणचाळीसच्या वाऱ्यात ते कापड फडफडायला नको का?”

“ए पोरी, यंत्र गच्चीवर आहे. वर वारा जास्त असतो. शाळेत शिकवत नाहीत वाटतं?”

“शिकवतात. पण कापडही गच्चीवरच आहे.”

कारकुनाने तिच्याकडे पाहिलं, कापडाकडे नाही. “यंत्र खोटं बोलत नाही. मी टेबलावरच्या काट्यावर बघतो आणि लिहितो. चला, निघा!”

मामा पुढे गेला होता. मोजपट्टीने दोघांना मागे खेचलं.

“आपण वरून बघायचं,” ती म्हणाली.

“कसं? गच्चीवर जाऊ देणारेत का?” भोंगा कुजबुजला. कारकुनाने आतून पाहिलं.

“हळू बोल रे, भोंग्या! समोर जाळी शिवायची शेड आहे ना, तिच्या माळ्यावरून सगळं दिसेल.”

दुपारी माळ्यावर चढल्यावर सगळं दिसलं. कचेरीच्या गच्चीवर एका खांबाला तीन वाट्यांचं यंत्र होतं. वारा वाट्यांना ढकलतो, वाट्या जितक्या जोरात फिरतील तितका काटा वर जातो. आणि वाट्या भन्नाट फिरत होत्या! मात्र त्यांच्यापासून चार हातांवर लाल कापड झोपलं होतं.

“भूत!” चिंगी म्हणाली.

“भूत काय! नीट बघ,” मोजपट्टी म्हणाली.

कचेरीला चिकटूनच बर्फाचा कारखाना होता. त्याच्या भिंतीतून पत्र्याचं एक रुंद तोंड बाहेर आलं होतं. यंत्रं तापतात, त्यांची गरम हवा एक मोठा पंखा त्या तोंडातून बाहेर फेकायचा. पत्रा वरच्या बाजूला नवा वाकवलेला होता. तो थेट गच्चीकडे बघत होता.

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. कारखान्याची घरघर थांबली.

आणि वाट्या हळू झाल्या. आणखी हळू. मग डुलत डुलत फिरू लागल्या.

“अगं बाई!” चिंगीने तोंडावर हात ठेवला.

“सापडला वारा!” भोंगा उडी मारणार होता. मोजपट्टीने त्याचा शर्ट धरला.

“एकदा झालं तर योगायोगही असेल. घरघर परत सुरू होईपर्यंत थांबायचं.”

ती थांबली. चिंगीला भूक लागली, भोंग्याच्या पायाला मुंग्या आल्या, तरी थांबली. घंटा झाली, पंखा सुरू झाला, आणि वाट्या पुन्हा वेड्यासारख्या फिरू लागल्या.

धावत जाऊन त्यांनी कारकुनाला सांगितलं. तो डबा खात होता. “कालची पोरं आज मला वारा शिकवणार!” असं म्हणून त्याने खिडकी लावून घेतली.

“आता?” भोंग्याने विचारलं.

“आता त्यांनी काट्याकडे बघितलं पाहिजे, आणि चारचौघांत बघितलं पाहिजे,” मोजपट्टी म्हणाली. “चला, बर्फवाल्याकडे.”

बर्फाच्या कारखान्याचा मिस्तरी जाड, हसरा माणूस होता.

“उद्या नऊ वाजता, आम्ही हाक मारू तेव्हा, दोन मिनिटं पंखा बंद कराल?” चिंगीने विचारलं.

“दोन मिनिटांनी काही बर्फ वितळत नाही. पण कशाला?”

“वाऱ्याला थांबवायचंय!”

मिस्तरी इतका हसला की त्याचं पोट हललं. “मग करतोच बंद. बघू तरी!”

शनिवारी सकाळी कचेरीत गर्दी होती. होडीवाले दाराशी उभे होते, वनरक्षक परवान्याचं पुस्तक घेऊन बाकावर बसला होता, मामा भिंतीला टेकून होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. मोजपट्टी मनाशी दिवस मोजत होती. आज जमलं नाही, तर उद्या रविवार आणि परवा तो जाणार.

कारकुनाने काट्याकडे पाहिलं. “चाळीस!”

“काका,” मोजपट्टी म्हणाली, “मी ‘थांब’ म्हटलं की वारा थांबेल. बघायचंय?”

सगळे हसले. “पोरीला ऊन लागलंय!” कारकून म्हणाला.

“ऊन लागलं तर लागलं. तुम्ही फक्त काट्यावरून नजर हलवू नका.”

“नाही हलवत, जा!”

तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कारखान्याच्या दारात भोंगा उभा होता.

“थांब!” ती म्हणाली.

“थां-ऽ-ऽ-ब!” भोंगा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पूर्ण आवाजात ओरडायची परवानगी मिळाली होती.

घरघर बंद झाली. काटा थरथरला. चाळीसवरून तीस, तीसवरून पंचवीस. मग सातच्या आसपास घुटमळत राहिला.

होडीवाले काट्याभोवती गोळा झाले.

“आता ये!” मोजपट्टी म्हणाली. भोंगा ओरडला, पंखा सुरू झाला, आणि काटा निमूटपणे चाळीसवर चढला.

“अरे, हा तर आज्ञाधारक वारा आहे!” म्हातारा कोळी म्हणाला आणि गर्दीत हशा पिकला.

मिस्तरी हात पुसत आत आला. त्याने खिडकीतून पत्र्याकडे पाहिलं, मग गच्चीकडे, मग कपाळावर हात मारला. “मीच वाकवलं ते तोंड! साहेब, तुम्हीच सोमवारी म्हणालात ना, गरम हवा खिडकीतून येते, डब्यातली पोळी वाळते, तोंड वर कर म्हणून?”

कारकुनाचे कान लाल झाले. बाहेरच्या कापडापेक्षाही जास्त.

“म्हणजे यांच्या पोळीसाठी आम्ही पाच दिवस घरी बसलो!” एक होडीवाला म्हणाला.

“चूक झाली,” कारकून पुटपुटला. मग त्याने मान वर करून तिघांकडे नीट पाहिलं. “काटा बघत राहिलो. वर एकदाही बघितलं नाही. पोरांनो, डोळे आहेत तुम्हाला!”

वनरक्षकाने टाचणीएवढंही हसू न आणता परवान्याचं पुस्तक उघडलं. “पंखा बंद करा आणि खरा आकडा लिहा,” तो म्हणाला. “आणि परवाना कुणाच्या नावाने? या बाईंच्या?” मग मात्र तो हसला. “शाब्बास! असे तिघं माझ्या रानात असतील तर मला रात्री नीट झोप लागेल.”

मामाने मोजपट्टीच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दुपारपर्यंत तंबू टोकावर उभा होता. झुडपं कमरेएवढी होती आणि सगळी एकाच बाजूला झुकलेली होती, जणू कुणाची तरी वाट बघताहेत. खडकाखालचं पाणी निळं नव्हतं; हिरवं होतं, आणि खोल जागी जवळजवळ काळं. रात्री झुडपांचा आवाज पावसासारखा येत राहिला. मोजपट्टीने तो झोप लागेपर्यंत ऐकला.

रविवारी सकाळी दोन्ही काठ्यांचे गळ पाण्यात होते. उन्हं वर आली, आमिष दोनदा बदललं, तरी काहीच लागलं नाही. भोंगा शक्य तितका गप्प होता.

“मामा, जहाजावरून मासे धरता येतात?” चिंगीने विचारलं.

“येतात. पण सोबत कुणी बडबडत नाही, त्यामुळे मजा येत नाही.”

“मग मला ने.”

“इंजिनात कुठे ठेवू तुला?”

तेवढ्यात चिंगीच्या काठीचं टोक खाली गेलं. “मामा! मामा! ओढतोय!”

“ढील दे! आता ओढ! सोड… आता ओढ!”

चौघांनी मिळून मासा खडकावर घेतला. चांदीसारखा, पाठीवर हिरवट झाक असलेला, शेपटी आपटणारा. भोंग्याने अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या खडकावरचे पक्षी समुद्रावर निघून गेले.

“मोजपट्टे, काढ तुझी फीत!” चिंगी नाचत म्हणाली.

मोजपट्टीचा हात खिशाकडे गेला आणि थांबला. तिने दूर समुद्राकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, नुसतं पाणी. उद्या मामा त्याच पाण्यावरून जाणार होता.

“मामा,” ती म्हणाली, “तू मोज. तुझ्या हाताने.”

मामा गुडघ्यांवर बसला. त्याने ओला, तेलाने काळवंडलेला पंजा माशावर पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग पुढे आणखी एकदा. मग बोटं जुळवून ठेवली.

मासा भरला दोन विती आणि तीन बोटं.