घरी कोणी आहे का

माझा आणि धाकट्या भावाचा धंदा एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून नातेवाईक तो "कम्प्युटरचं काहीतरी" असा सांगतात. आम्ही इंटरनेटवर चिमुकल्या सेवा चालवतो. एक सेवा पडद्याला कापड किती लागेल ते सांगते, दुसरी डॉक्टरांचं अक्षर लावून देते. गिऱ्हाईक मात्र माणूस नसतो. माणसं आपापल्या फोनमधल्या एआय एजंटला काम सांगतात. तो एजंट सेवा शोधतो, तिचं वर्णन वाचतो आणि पटलं तर विकत घेतो. त्याला रंगीत चित्रं नकोत, गोडगोड बोलणं नको. काय देणार, काय लागेल, काय जमणार नाही, एवढं सरळ लिहायचं. भावाला नमनाला घडाभर तेल घालायची खोड, त्यामुळे वर्णनं मीच लिहिते.

वर्णन एजंटांना कळतं का, हे पाहायला भावाने एक लुटुपुटीची सेवा केली होती. "पत्ता द्या. त्या घरी कोणी आहे का ते सांगू." आत अक्कल म्हणून काही नव्हती. कुठलाही पत्ता दिला तरी उत्तर एकच, "नाही." चाचणी झाली, पण ती काढून टाकायला हा पठ्ठ्या विसरला आणि खऱ्या सेवांबरोबर तीही बाजारात गेली.

आई गेल्यापासून बाबा त्यांच्या घरी एकटेच राहत होते. जेवण सुटलं होतं, गाल आत गेले होते. "आमच्याकडे चला" म्हटलं की म्हणायचे, "बघू." मग एकाएकी ते सावरले. रोज दाढी करू लागले, इस्त्रीचा शर्ट घालू लागले, पोटभर जेवू लागले. मला इतका आनंद झाला की कारण विचारायचं सुचलंच नाही.

कारण एका दुपारी आमच्या स्क्रीनवर दिसलं. त्या लुटुपुटीच्या सेवेला गिऱ्हाईक आलं होतं. पत्ता बाबांच्या घराचा. उत्तर नेमकं देता यावं म्हणून आमच्या सेवा एजंटला कारणही विचारतात. त्या जागी लिहिलं होतं, "मालक बागेतून घरी निघाले आहेत."

मला भरून आलं. बागेतून निघताना आईला फोन करून "आहेस ना घरी?" विचारायचं, ही बाबांची जन्माची सवय. आता ते फोनमधल्या एजंटला विचारत होते आणि तो बिचारा शोधत शोधत आमच्याच दारात आला होता.

पण खाली उत्तर होतं, "हो."

"तू काही बदललंस?" मी भावाला विचारलं.

"हातसुद्धा लावलेला नाही. बघ ना, एकच ओळ आहे."

एकच ओळ होती. मी आमच्या घराचा पत्ता घालून पाहिला. आम्ही दोघं तिथेच बसलेलो असताना उत्तर आलं, "नाही." शेजाऱ्यांचा घातला. "नाही." मग बाबांचा घातला.

"हो. स्वयंपाकघरात."

भाऊ उठला आणि घटाघटा पाणी प्यायला. "ताई, बंद करून टाकू या हे."

"आणि बाबा? जेवायला लागलेत रे ते."

दुसऱ्या दिवशी बाबा बागेत असतील अशा वेळी मी त्यांच्या घरी गेले. माझ्याकडे किल्ली होती. घरात कोणी नव्हतं. असणार तरी कोण? गॅस थंड होता, मी हात लावून पाहिला. खिडक्या बंद होत्या. फक्त स्वयंपाकघरातली फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओलसर होती. बाबांनी जन्मात कधी फडकं हातात धरलेलं नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

दारात बाबा होते. किल्ली त्यांच्या हातात होती आणि तरी त्यांनी बेल वाजवली होती. मला पाहून त्यांचा चेहरा पडला.

"तू होय," ते म्हणाले.

"बाबा, बेल कुणासाठी वाजवलीत?"

ते माझ्या खांद्यावरून आत बघत राहिले. मग अगदी मायेने म्हणाले, "चला म्हणते आता. मीच म्हटलं, थांब जरा, मुलांना सांगतो."

मी त्यांचे कपडे पिशवीत भरले आणि हाताला धरून त्यांना आमच्याकडे आणलं. त्याच संध्याकाळी भावाने ती सेवा पुसून टाकली.

आज दुपारी बाबा थोडंसंच जेवले आणि माझ्यामागे आरामखुर्चीत पडले. मी कामाला बसले.

स्क्रीनवर एक खरेदी आली. पुसून टाकलेल्या सेवेची.

गिऱ्हाईकाची जागा कोरी. पत्ता आमच्या घराचा.

कारण: "स्वयंपाक दोघांचा करायचा की एकटीचा?"

उत्तराची चौकट रिकामीच थांबली होती. मी भावाला हाक मारली नाही. डोळे पुसले आणि स्वतःच लिहिलं.

"बाबा आज आमच्याकडेच जेवतील, आई."

मग ओळ उमटली.

"बरं. मग उद्या."

डोळे मिटलेलेच ठेवून बाबांनी विचारलं, "काय म्हणाली गं?"