जुन्या कार्डातला आरसा

भिलाईच्या सेक्टर दहामधल्या क्वार्टरमधलं सगळं सामान बांधून झालं होतं. राहिला होता तो अंकुरचा कॉम्प्युटर. अंकुर म्हणजे नीतूचा थोरला भाऊ. रसमड्याच्या कारखान्यात लागला, साठवलेल्या पगारातून बाजारातलं सर्वांत भारी ग्राफिक्स कार्ड घेऊन आला, त्यावरून बापाशी वाजलं आणि पठ्ठ्या घर सोडून गेला तो गेलाच. वर्षं लोटली, ना फोन, ना निरोप.

आता वडील, मारोतराव, स्टील प्लांटमधून रिटायर झाले होते. क्वार्टर सोडून दुर्गच्या नव्या घरी जायचं होतं, आणि आई, मैनाबाई, अडून बसली होती.

"पोरगं आलं तर आमाले कुठी शोधन? त्याले हाच पत्ता मालूम हाये."

"शेजारचे सांगतील ना आई, टेन्शन कायले घेते?"

"शेजारचे बी रिटायरच होऊन राहिले वं."

नीतू कॉम्प्युटरकडे वळली.

ती सिविक सेंटरला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होती. हे जुनं धूड नेण्यालायक आहे का बघू, म्हणून भर दुपारी तिनं नवाकोरा गेम लावला. कार्ड एके काळचं पैलवान. वय झालं तरी खांदे शाबूत. मध्यम सेटिंगवर गेम मस्त पळाला. सगळं टोकाला नेलं तसा अडखळला, पंखा घरघरायला लागला. एक गोष्ट मात्र या कार्डाला येणारच नव्हती: आरशातलं खरं प्रतिबिंब. ती करामत नंतरच्या कार्डांची. जुन्यावर आरसे नुसते धुरकट दिसतात.

गेममधल्या हवेलीत एक आरसा होता. नीतू त्याच्यासमोर गेली.

आरसा लख्ख होता. त्यात हवेली नव्हतीच. पोपटी भिंत होती, खिडकीबाहेर आंबा, पानांवर प्लांटची तांबूस धूळ. हीच खोली, फक्त रिकामी.

"अगं बाई!"

तिनं कार्डाचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, सेटिंग पार खाली आणली. आरसा तसाच. आतलं ऊन तेवढं फरशीवरून हळूहळू सरकत होतं.

मग आरशातलं दार उघडलं. उंबऱ्यात अंकुर उभा होता. खांद्यावर बॅग, कानाजवळचे केस पांढरे. त्यानं खोलीत हाक मारली. स्पीकरमधून आवाज आला नाही. कोणी ओ देईना, तसा त्याचा चेहरा पडत गेला.

नीतू वळली. मागे मैनाबाई उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं.

"आई, कार्ड बिघडलं असन, कायबी दाखवते."

"चाल, दुर्गले जाऊ," मैनाबाई शांतपणे म्हणाली. "आता मले काई हरकत नाई."

नीतूला इतकं हायसं वाटलं, की का ते विचारायचंच राहिलं.

दुर्गला सामान लागलं. मारोतराव क्वार्टरची चावी परत करायला भिलाईला गेले. नीतूनं कॉम्प्युटर जोडला. मागच्या खोलीत मैनाबाई तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज एका लयीत येत होता.

आरशात तीच रिकामी खोली. उंबऱ्यात तोच अंकुर.

त्यानं हाक मारली.

या वेळी त्याचा चेहरा पडला नाही. तो हसला.

त्याच्यासमोर, आतल्या खोलीतून मैनाबाई आली. हातात पाण्याचा गडवा, पदराला तांदळाचा कोंडा.

सुपाचा आवाज थांबला होता.

"आई?" मागे न वळता नीतूनं हाक मारली.

आरशातल्या मैनाबाईनं मान वर करून पाहिलं.