डाव्या बाजूचा डाग

सकाळपासून आभाळ कुंदच होतं. दुपार कलताना एकदम सर आली, तशी रस्त्यावरची माणसं दिसेल त्या आडोशाला पळाली. लाँड्रीवालीही पळाली. एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली उभं राहून तिनं रेनकोट काढला, झटकायला हात वर केला... आणि वाऱ्यानं तो हिसकावून नेला, तो थेट शेजारी नुकत्याच येऊन थांबलेल्या मोटरसायकलवर.

चर्र्र!

इंजिन सणकून तापलेलं होतं. तिनं झेप घालून रेनकोट ओढला, पण तोवर त्याची बाही इंजिनाच्या डाव्या बाजूच्या चकचकीत कव्हरला चिकटून वितळली होती. निळा, ओघळलेला, तळहाताएवढा डाग. वर जळक्या प्लास्टिकचा वास.

गाडीवाल्यानं हेल्मेट काढलं. ती चार शब्द ऐकून घ्यायच्या तयारीत होती. पण तो खाली वाकला. नुसता डागाकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा असा उतरला की त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

“मी काढून देते,” ती घाईनं म्हणाली. “माझी लाँड्री आहे. डाग काढणं हाच माझा धंदा.”

“हा शर्ट नाहीये हो.”

“डागाला काय कळतंय, आपण शर्टावर पडलोय की गाडीवर?”

त्याला हसू आलं, पण ते ओठांपाशीच विरलं. “गाडी दादाची आहे,” तो म्हणाला. “कारखान्यात मशीनखाली पाय सापडला त्याचा. पाच महिने दवाखान्यात आहे. तीन आठवड्यांनी घरी येतोय... ‘गाडी होती तशी ठेव,’ एवढंच सांगितलं होतं मला.”

पाऊस थांबला तरी दोघं तिथंच उभी होती.

रविवारी ती डबे-बाटल्यांची पिशवी घेऊन त्याच्या घरी गेली. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. घर दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली जिन्याशेजारी.

“लिफ्टवाल्याच्या इमारतीला लिफ्ट नाही?”

“जगाला वर चढवतो आणि स्वतः जिने मोजतो,” तो म्हणाला. “नशीब!”

तिनं इंजिन थोडंसं तापवायला लावलं. प्लास्टिक मऊ पडल्यावर आइस्क्रीमच्या लाकडी चमच्यानं हलकेच खरवडायला घेतलं. तो सुरी घेऊन आला, तर तिनं डोळे वटारले. “ओरखडा उठला की तो जन्माचा. डागाशी भांडायचं नसतं, त्याची समजूत काढायची असते.”

“माणसांचीही काढता का?”

“माणसं... थिनरनं निघत नाहीत.”

तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिच्या हातातला चमचा उगाचच घसरला.

मधल्या आठवड्यात या शहाण्यानं राहवेना म्हणून मोरी साफ करायचं जहाल औषध उरलेल्या डागावर ओतलं. दुसऱ्या रविवारी ती बघते तर निळ्याच्या जोडीला काळा डाग! “अहो, ॲल्युमिनियम आहे ते! काळं पडणारच. आठ दिवस दम धरवला नाही?”

“नाही धरवला,” तो पडलेल्या आवाजात म्हणाला. “आठ दिवस फार असतात...”

तो डागाबद्दल बोलत नव्हता, हे तिला कळलं. तिनं खाली मान घालून कापडाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवला.

तिसऱ्या रविवारी निळं गेलं, काळंही गेलं. राहिला एक धुरकट पट्टा, गिअरच्या मागच्या अंगाला.

“हा राहू द्या,” तो म्हणाला. “आधीचाच असावा.”

“आधीचा असो की नंतरचा, माझ्या हाताखाली डाग राहत नाही.” पॉलिश लावून तिनं तासभर घासलं. शेवटी कव्हरमध्ये दोघांचे चेहरे दिसायला लागले, शेजारी शेजारी.

तेवढ्यात दवाखान्याची गाडी आली. दादाला चाकाच्या खुर्चीत बसवून जिन्यापाशी आणलं. डावी पँट गुडघ्याखाली दुमडून पिन लावलेली होती. आईनं ओठ घट्ट मिटले होते. दादानं मोटरसायकल पाहिली. वाकून कव्हरवरून बोटं फिरवली, काहीतरी शोधल्यासारखी.

“इथं माझी टाच लागायची,” तो म्हणाला. “बारा वर्षं.”

बस्स. लिफ्टवाल्यानं आणि गाडीच्या ड्रायव्हरनं त्याला उचलून वर नेलं. तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. तिनं पिशवी भरली आणि कुणाचा निरोप न घेता निघाली.

आठ दिवस ती तिकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी संध्याकाळी लिफ्टवाला दुकानात आला. काउंटरवर त्यानं पांढरा शर्ट ठेवला.

“डाग कुठंय?”

“नाहीये.”

“मग?”

“यायला हातात काहीतरी लागतं ना...”

ती हसली नाही. “तुम्ही राहू द्या म्हणाला होतात. मीच ऐकलं नाही.”

“जोर लावून कुठं म्हणालो? तुम्ही आणखी तासभर बसाल, म्हणून सोडून दिलं.” तो थांबला. “दादा त्यानंतर कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. काल भिंतीकडे तोंड करून म्हणाला, ती मुलगी येत नाही का आता?”

“रागानं?”

“माहीत नाही.”

“म्हणून आलात? दादांनी विचारलं म्हणून?”

“दादानं विचारलं म्हणून धीर झाला. विचारायचं मलाच होतं... येत जाल? डाग नसला तरी?”

तिनं आपल्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. दोन स्थळं याच हातांकडे बघून परत गेली होती. “माझ्या हातांना सदा औषधांचा वास येतो.”

“तीन रविवार शेजारी बसलोय. ठाऊक आहे.” मग हळूच म्हणाला, “घरात सध्या हसू नाही. दादा पुन्हा गाडीवर बसणार नाही, आई जिन्यात बसून रडते. सुखाचं असं काही दाखवता यायचं नाही तुम्हाला...”

तिनं शर्ट घडी करून फळीवर ठेवला. मग दिवे मालवून तिनं शटर खाली ओढलं. “आधी दादांना भेटते. काय बोलतील ते ऐकून घेते. तुमचं त्यानंतर.”

बाहेर भुरभुर चालूच होती. त्यानं गाडी सुरू केली, मागची सीट बाहीनं पुसली.

“बसा.”

“बस म्हण,” ती म्हणाली, आणि बसली.