पोशाच्या बाहुल्या

माझे पणजोबा येसाजी ही गोष्ट शेवटपर्यंत चिडूनच सांगायचे. खोटं बोलणारा माणूस आयुष्यभर चिडत नाही, म्हणून मी ती खरी मानतो.

साल १८९४. कर्जतजवळचा एक दवाखाना. पणजोबा तिथे साहेबांच्या हाताखालचे डॉक्टर.

माघातली दुपार होती. ठाकुरवाडीच्या पोशाला झोळीत घालून आणलं. मध काढताना कड्यावरून पडला होता. सोबत बायको जिजा आणि भाऊ चांगो.

नाडी नाही. श्वास नाही. अंग गार.

पणजोबांनी रीत म्हणून त्याची पापणी उघडली. आरशाने खिडकीतलं ऊन डोळ्यावर पाडलं...

बाहुली आकसली.

डोळ्यावर उजेड पडला की एक नस तो मेंदूकडे नेते, दुसरी हुकूम परत आणते. माणसाच्या मनावर ते नसतं. पण माणूस मेला की तो रस्ता बंद होतो.

त्यांनी कापसाचा धागा बुबुळाला लावला...

पापणी मिटली.

ते धावत साहेबांना घेऊन आले. साहेबांनी आरसा धरला, धागा लावला. काहीच हललं नाही. मेला म्हणून लिहून साहेब निघून गेले.

पणजोबांनी पुन्हा ऊन पाडलं.

बाहुली पुन्हा आकसली.

सकाळपर्यंत नेऊ नका, म्हणून त्यांनी विनवलं. चांगो म्हणाला, तुमचाच साहेब मेला म्हणतो. संध्याकाळी पोशाला पुरलं.

पणजोबांना चैन पडेना. काही दिवसांनी ते ठाकुरवाडीला गेले.

जिजा दारात बसली होती. तोंड थेट उन्हाकडे. आणि बाहुल्या...

मोठ्या. काळ्या. मिट्ट अंधारात होतात तशा.

त्यांनी तिच्या डोळ्यांवर हात धरला, काढला. बाहुल्या हलल्या नाहीत. ती मात्र सारखी डोळे मिचकावत होती.

"माती पडतेय डोल्यात," ती म्हणाली. "लय अंधार हाय. काढा ना त्याला."

पणजोबा चांगोकडे वळले. खड्डा उघडा म्हणाले.

"पुरलेला मानूस आमी उकरत नाय, डाक्तर."

पाटलाने हसून वाटेला लावलं. साहेबांनी रजा घ्यायला सांगितलं. कोणी ऐकेचना. पणजोबा तरी वाडीवर जात राहिले.

चैत्रातली एक संध्याकाळ. खोपटात चुलीचा तेवढा उजेड. जिजा निखाऱ्यांपाशी बसली होती, चांगो दारात.

अचानक तिच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या...

तिने डोळ्यांवर हाताची सावली धरली.

"आला गं बाय भायेर," ती स्वतःशीच म्हणाली.

पणजोबा आणि चांगो खड्ड्याकडे पळाले.

वरचे दगड जसेच्या तसे. एकही हललेला नाही.

पणजोबा हातांनी दगड ओढू लागले. चांगोने त्यांना मिठी मारून मागे खेचलं. तो रडत होता, पण त्याने हात लावू दिला नाही.

परत आले, तर खोपट रिकामं.

जिजा पुन्हा कोणाला दिसली नाही.

हातभर माती काढू दिली असती तर कळलं असतं, असं म्हणत पणजोबा गेले. मला वाटतं, काढली नाही तेच बरं.

पण त्या अंधाऱ्या खोपटात तिच्या डोळ्यांवर उजेड कुठून पडला... याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.