चौथ्या टाकीचा श्वास

पाणी गाळायची चौथी टाकी ताईने लेकरासारखी वाढवली होती. जुन्या टाकीतला बादलीभर कोळसा विरजण म्हणून तिच्यात घातला आणि महिनोन्महिने वाट पाहिली. कोळशाच्या दाण्यांवर सूक्ष्म जीव वसतात, पाण्यातली घाण खातात आणि त्यासाठी पाण्यातलाच प्राणवायू घेतात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात प्राणवायू कमी भरला, की ताई म्हणायची, "श्वास घेतेय बया."

ती टाकी तिच्या सख्ख्या भावाने मारली. टाकी धुवायची ती साध्या पाण्याने, क्लोरीनच्या कधीच नाही, हे ताईनेच त्याला हाताला धरून शिकवलं होतं. नोकरीही तिनेच लावून दिली होती. पण साध्या पाण्याचा पंप बंद पडला, पठ्ठ्याला घरी जायची घाई, त्याने क्लोरीनची झडप उघडली. साहेबांनी दोघांना समोर उभं केलं तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "ताईनेच उघडली, साहेब. गळ्याशपथ."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. 

"सोमवारपर्यंत टाकी जिवंत झाली तर ठीक," साहेब म्हणाले, "नाहीतर बाई, तुम्ही घरी."

मेलेली टाकी इतक्यात उठत नसते, हे तिघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या सकाळी भाऊ नेहमीसारखा चौथ्या टाकीच्या नळाचं पाणी प्यायला. आवाज जरा बसला होता. ताईने मीटर बुडवला. प्राणवायू किंचित कमी भरला. तिने मीटर पुसून पुन्हा बुडवला. तेवढाच.

पुढच्या दिवशी तो लोखंडी जिना धावत चढून आला. "ताई, मला दमच लागत नाही गं आता," खुशीत म्हणाला. तिला मात्र ते ऐकायला पुढे वाकावं लागलं.

सोमवारी कडाक्याची थंडी होती. साहेब बोलत होते तशा त्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ताईच्याही निघत होत्या.

"वाचलात, बाई!" मीटर बघून साहेब म्हणाले. "पण झडपेची चूक तुमच्या नावावर राहणार."

भाऊ पुढे झाला. डोळे भरलेले. ओठ हलले. 'मीच, साहेब, मीच.' ताईला ओठांवरून कळलं. आवाज आला नाही. वाफही नाही.

साहेब पाठ फिरवून निघून गेले.

टाकीच्या झाकणाला आत पाहायची काच होती. ती आतून धुरकट झाली, निवळली, पुन्हा धुरकट झाली.