न आलेला ठसका

फुफ्फुसदर्शकाच्या काचेवर शेवंताची छाती उजळली. आत कापसाच्या तंतूंचे पांढुरके ढग साचले होते. सोलापुरातल्या वातींच्या कारखान्याच्या मालकीण गिरिजाबाई जंगम त्या ढगांकडे पाहत होत्या. त्यांच्याकडे कामाला असलेल्या सहाही बायका तपासणीला आल्या होत्या; त्यांत शेवंता सगळ्यांत जुनी. बावीस वर्षं वाती वळत आली होती.

"पण सूट घेऊन महिना झाला, डॉक्टर," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एकीलाही ठसका लागला नाही. पहिला खोकला ऐकला की सूट परत करीन, असं मी या सगळ्यांना सांगितलं होतं."

कामगारांच्या आरोग्यरक्षणाचा भार, म्हणजे त्यांच्या छातीत सोडलेल्या, धूळ धरणाऱ्या सूक्ष्म रक्षककणांचा खर्च, कायद्याने मालकावर होता. डबघाईला आलेल्या छोट्या कारखान्यांना त्यातून सूट मिळे. ती घेतली नसती, तर कारखान्याला कुलूप लागलं असतं.

"मीच म्हटलं, बाई, करा सही," शेवंता म्हणाली आणि मध्येच थांबली. "घरी बसून... मला कोण विचारतंय? जिना चढून दम लागलाय, बाकी काही नाही."

डॉ. तांबट यांनी खुर्ची पुढे ओढली.

"रक्षककण धूळ नष्ट करत नाहीत, गिरिजाबाई. मुठीत धरून ठेवतात. आमच्या केंद्राचा संदेश रोज मिळतो तोवर मूठ मिटलेली. तुम्हाला सूट मिळाली, संदेश थांबला. बावीस वर्षांची मूठ उघडली."

"मग खोकला यायला हवा होता."

"हवाच होता. पण तुमच्या कणांनी घशात बधिरलेप धरलाय. त्याला संदेश लागत नाही, तो दोन महिने टिकतो. इतर कारखान्यांत हा लेप नसतो. तुम्ही मागून घेतला होतात."

घेतला होता. देवापुढे लागणाऱ्या वातीवर खोकल्याचा शिंतोडा नको, म्हणून. त्याआधी कुणी खोकली की हात धुऊन यायची आणि पुढ्यातली टोपली टाकून द्यायची.

"संदेश पुन्हा सुरू करा."

"करते. पण कण आता फक्त नवी धूळ धरतील. सुटलेली आता खोकूनच बाहेर पडेल."

लेप उतरवणारी वाफ सहाही जणींना दिली. थोड्या वेळाने पाच जणी वाकून खोकू लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शेवंता ताठ बसून होती.

"खोक ना गं," गिरिजाबाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या.

शेवंताने मान हलवली, तोंड उघडलं. खोकण्याआधी छातीभर श्वास आत घ्यावा लागतो. तिने दोनदा प्रयत्न केला; दोन्ही वेळा श्वास अर्ध्यावरच अडला.